आणि म्हणजे खिळा

तमिळमध्ये ‘सुवर’ म्हणजे भिंत आणि ‘आणि’ म्हणजे खिळा. हे दोन शब्द मेव्हण्याला सेंट्रल स्टेशनवरून घरी आणतानाच सांगून ठेवायला हवे होते. राहून गेलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं त्यात मिस्त्रीचा काही दोष नाही. मिस्त्रीने, म्हणजे इकडच्या भाषेत कोत्तनारने, आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर तळवा टेकला, डॉक्टर पोट तपासतात तसं दोन-चार ठिकाणी दाबून पाहिलं, मान हलवली आणि थेट मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत फार दुःखाने म्हणाला, “सुवर...”

मेव्हण्याचे कान लाल झाले. “दाजी, ह्यो कुणाला म्हणतोय?”

त्याची समजूत काढेपर्यंत मिस्त्री स्टुलावर चढला होता. त्याने मागे न बघता हात पसरला. “आणि.”

खिळ्यांची पुडी मेव्हण्याच्या हातात होती. तो पुढचा शब्द कधी येतोय याची वाट बघत उभा.

“आणि,” मिस्त्री.

“आणि काय?” मेव्हणा.

“आणि!” मिस्त्री आता ओरडलाच.

“दाजी, ह्याचं वाक्य काय पुरं व्हईना.”

शेवटी पुडी मीच पुढे केली. मिस्त्रीने तीन इंची खिळा लावला आणि हातोडीचा एक ठोका दिला. खिळा अर्धा आत. दुसऱ्या ठोक्याला तो दिसेनासा झाला. आवाज असा नाहीच. पिठाच्या डब्यात बोट घालावं तसा तो गेला आणि त्याच्यामागून भोकातून रव्यासारखी बारीक पांढरी धार लागली. ती थांबेना. आम्ही तिघं वाळूच्या घड्याळाकडे बघावं तसे तिच्याकडे बघत राहिलो. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “झाली का फळी?”

फळी कशाला, तर दिवाळी अंकांना. आम्ही मूळचे विट्याचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. जिथे सराफ कट्टा आहे तिथे कुठल्या तरी बोळात आमचा एक माणूस मूस आणि भट्टी घेऊन बसलेला असतोच. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. पाऊस गावाकडे फिरकला नाही म्हणून माणसं बाहेर पडली, आणि मग तीही गावाकडे सणापुरतीच फिरकू लागली. आमचे चुलते, तात्या, 1968 साली चेन्नईला आले, तेव्हा ती मद्रास होती. त्यांच्या हाताखाली शिकायला मी आलो 1991 ला. सौकारपेट हा जॉर्ज टाउनचाच भाग. मिंट स्ट्रीटच्या एका फाट्यावर आमचं भाड्याचं घर. गावाकडून येताना लोक लोणची आणतात. मी दिवाळी अंक मागवायचो. ते साठत साठत दोनशे दहा झाले आणि तांदळाच्या पिंपावर चढून बसले. तांदूळ काढायचा तर आधी 1998 ते 2004 खाली उतरवावे लागत. एकादशीला बायकोला किती हलकं वाटत असेल!

एकदा चिकाटीने सगळे अंक दुकानातल्या चांदीच्या काट्यावर टाकले. भरले 84 किलो. त्यातल्या जाहिराती किती आणि साहित्य किती, हे वेगळं काढायची सोय आमच्या धंद्यातही नाही.

मेव्हणा विट्यात बांधकामाची कंत्राटं घेतो. त्याच्या हिशेबी भिंत म्हणजे भिंत. तो फोनवर म्हणाला होता, “दाजी, फळी ठोकायला मिस्त्री कशाला? मी येतो, ड्रिल घेऊन येतो.” आणि खरोखरच गाडीतून ते एवढं धूड मांडीवर घेऊन आला. पहिल्या संध्याकाळी त्याला तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात नेलं. 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनाला आले होते असं देवळात सांगतात. दक्षिणेच्या स्वारीचं ते वर्ष, जिंजी महाराजांनी त्याच वर्षी घेतली. मेव्हणा हात जोडून बराच वेळ उभा राहिला, आणि बाहेर पडला तो दक्षिण दिग्विजय आता आपल्यावर सोपवलाय अशा चालीने. तात्या म्हणाले, “आरं, महाराज आले, दर्शन घेतलं, गेले. फळ्या ठोकत बसले न्हाईत.” पण ऐकणार कोण!

खरं म्हणजे या पेठेचं आणि भिंतीचं पहिल्यापासूनच फाटलेलं आहे. 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं, तीन वर्षांनी ते इंग्रजांना परत मिळालं. किल्ल्याला खेटून असलेली जुनी वस्ती पाडून टाकली गेली आणि लोकांनी उत्तरेला नवी पेठ वसवली, तीच ही. पुढे हैदर अलीचे घोडेस्वार थेट वेशीपर्यंत येऊन गेले तेव्हा इंग्रजांनी घाबरून पेठेभोवती तट बांधला. तट तुमच्यासाठी, तेव्हा खर्चही तुम्ही द्या, असं रहिवाशांना सांगण्यात आलं. रहिवासी व्यापारी होते. त्यांनी दिला नाही. कर कधी वसूल झालाच नाही, पण त्याच्या नावाचा रस्ता मात्र आजही आहे: वॉल टॅक्स रोड. सरकारी पाटीवर आता वेगळं नाव असलं तरी रिक्षावाल्याला हेच सांगावं लागतं. तटही बहुतेक गेला. एक तुकडा उरलाय, त्याच्या माथ्यावर बाग केलीय. तिला माडी पूंगा, म्हणजे गच्चीवरची बाग, म्हणतात. शहराचा तट जिथे टिकला नाही तिथे आमच्या मधल्या खोलीची काय कथा!

आमच्या घराचं वय घरमालक दीडशे सांगतात, मिस्त्री दोनशे. घराला रस्त्याकडे ओटा आहे, तमिळमध्ये तिन्नै. आत उघडा चौक. आणि वर मद्रास टेरेस. हे छत बघण्यासारखं असतं. सागवानी तुळया, त्यावर पातळ विटा उभ्या धारेवर, तिरप्या रांगांत, चुन्यात बसवलेल्या. आमच्या छतातली एक तुळई अशी आहे की तिला पूर्वी झोपाळा होता; त्याच्या कड्या अजून आहेत आणि त्यांना मेव्हणाही लोंबकळू शकतो. लोंबकळून झालं आहे. तक्रार भिंतींची आहे. भिंती हातभर जाड, विटा चपट्या, बोटभर जाडीच्या, आणि दोन विटांमध्ये जवळजवळ विटेइतकाच चुना. खालून जमिनीची ओल चढते, समुद्र जवळ, पाण्यात मीठ. ओल भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकते, मीठ तिथेच राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. आपण म्हणतो लोणा लागला. मागे कधीतरी एका घरमालकाने यावर इलाज म्हणून सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुना श्वास घेतो, सिमेंट नाक दाबतं. कोंडलेली ओल आणखी वर चढली आणि एके रात्री पाटाएवढा पोपडा धाडकन खाली आला. चांगदेवाला भेटायला ज्ञानेश्वरांना भिंत चालवावी लागली होती. आमची आपली आपणच निघाली होती.

असो. मिस्त्री “पार्कलाम,” म्हणजे बघू या, असं म्हणून जेवायला गेला. या शब्दाचा नक्की अर्थ मला चौतीस वर्षांत कळलेला नाही. तो ‘उद्या’पासून ‘कधीच नाही’पर्यंत कुठेही बसतो. मिस्त्रीची पाठ वळताच मेव्हण्याने ड्रिल काढलं. आठ नंबरचा बिट लावला, डोळे बारीक केले, आणि घर्र करून सुरू केलं. मी आजवर भट्टीचा भडका पाहिलाय, तेजाबाची वाफ सोसलीय, पण त्या दहा सेकंदांत सगळं घर दातदुखीच्या माणसासारखं थरथरलं. चौकातली कबुतरं उडाली. भिंतीतून धुळीचा ढग आला आणि त्या ढगातून मेव्हण्याचा आवाज, “गेलं, दाजी, गेलं आत!”

गेलं होतं खरंच. मनगटापर्यंत. भोक पाडायचं होतं आठ मिलिमीटरचं, पडलं लाडवाएवढं.

तेवढ्यात दारावर थाप. पलीकडच्या घरातल्या मारवाडी मांजी उभ्या. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. या पेठेत तशीच रीत आहे, घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात, म्हणून तर उभी असतात. मांजी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “भाईसाब, हमारे दादाजी गिर गए।”

मी चपला शोधायला लागलो. बायको म्हणाली, रिक्षा बोलावू का. मेव्हणा ड्रिल हातात घेऊनच धावला, त्याला बघून मांजी दोन पायऱ्या मागे गेल्या. मग उलगडा झाला. दादाजी जाऊन चाळीस वर्षं झालेली. पडला तो फोटो. चंदनाच्या हारासकट, खिळ्यासकट, आणि खिळ्याभोवतीच्या वीतभर भिंतीसकट. काच शाबूत राहिली हे दादाजींचं पुण्य.

संध्याकाळी मिस्त्री आला. त्याने भोक बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, “एमडन!” मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, आता त्याला प्रत्येक शब्दाचा संशय येत होता. ही शिवी नाही, अर्धं कौतुकच आहे. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री एमडन नावाच्या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. तेलाच्या टाक्या पेटल्या, शहर रिकामं व्हायला लागलं. बोट निघून गेली, तिचं नाव तमिळमध्ये राहिलं. कुणी फार बेरकी, बिलंदर, अंगावर येणारा माणूस भेटला की तो ‘एमडन’. एक गोळा हायकोर्टाच्या आवारभिंतीला लागला होता, तिथे तशी पाटी आहे. मेव्हण्याला दुसऱ्या दिवशी मुद्दाम नेऊन दाखवली. त्याने जाणकाराच्या नजरेने ती भिंत न्याहाळली. “तोफेच्या मानानं कमीच पडलीय,” म्हणाला.

तरी तो हटला नाही. त्याच्या मते चूक बिटाची नव्हती, रावळ प्लगची होती. जाड प्लग मिळाला तर फळी बसते. म्हणून ब्रॉडवेच्या मागच्या गल्ल्यांत हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. या प्लगची गंमत अशी की तो जन्मला तोच जुन्या भिंतीच्या काळजीतून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची फिटिंगं बसवायची होती आणि भिंतींचा चेहरा बिघडवायचा नव्हता. त्याने तागाच्या धाग्याची नळी करून भोकात घातली, स्क्रू आत गेला की नळी फुगते आणि बाजूंना घट्ट धरते. 1958 मध्ये आर्टूर फिशर या जर्मनाने तिला नायलॉनचं अंग दिलं. कल्पना नामी आहे, फक्त एक अट आहे. प्लग बाजूला रेटणार, तर बाजूनेही त्याला उलट रेटायला हवं. समोरून विरोधच झाला नाही तर तो तरी काय धरणार? आमच्या भिंतीने कशालाच विरोध केला नाही. सहा नंबर, आठ नंबर, दहा नंबर, सगळे प्लग तिने प्रेमाने पोटात घेतले. हलकेच ओढला की प्लग स्क्रूसकट, मूठभर चुन्यासकट बाहेर. इतकी नम्र भिंत मी पाहिली नाही.

“पण मग ही दीडशे-दोनशे वर्षं उभी कशी?” बायकोने विचारलं. घरातला एकमेव शहाणा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर मला एका जुन्या इंग्रजी टिपणात मिळालं होतं. आयझॅक पाइक हा सेंट हेलिना बेटाचा गव्हर्नर. मद्रासला चुना कसा करतात याची कृती त्याने लिहून पाठवली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने ती 1732 मध्ये छापली. मी ती मोठ्याने वाचून दाखवू लागलो: शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू, गुळाचं पाणी, हिरडा, आणि वरच्या गुळगुळीत गिलाव्यासाठी तूप, दही, अंड्याचा पांढरा...

“हळू वाचा,” बायको म्हणाली. “भिंतीला कान असतात, आणि पलीकडे कांदासुद्धा खात नाहीत.”

तात्या मात्र खवळले. “तूप, दही, गूळ! आरं, हिनं आपल्यापरास बरं खाल्लंय. आणि एक फळी उचलंना?”

मिस्त्रीला हे मी तमिळमध्ये सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा खाली बसला आणि नीट बोलला. इथे एक म्हण आहे, भिंत असेल तरच चित्र काढता येतं. तब्येतीला जपा असं सांगायला म्हातारी माणसं ती वापरतात; मिस्त्री ती भिंतीबद्दलच वापरत होता. त्याचं म्हणणं, भिंत दुबळी नाही, तिला हे काम कुणी सांगितलंच नव्हतं. वरचं ओझं डोक्यावर घेऊन सरळ जमिनीत पोचवायचं, एवढंच ती जाणते. छत, तुळया, वरचा मजला, सगळं ती निमूट वाहते. तुम्ही तिच्या गालाला ओझं लटकवता. स्क्रू म्हणजे चिमटा आहे, सार. चिमटा काढला की कातडी निघणारच.

मग जुने लोक सामान ठेवायचे कुठे? मिस्त्री उठला, पोकळ आवाजाच्या शोधात बोटाच्या पेराने भिंत वाजवत चालला. सराफ रुपया वाजवून बघतो अगदी तसा. टक, टक, टक, आणि एका जागी ठप. तिथला गिलावा त्याने थापीने सोलला. आत नंतरच्या काळातल्या जाड विटा रचलेल्या, चुन्याऐवजी मातीत. त्या एकेक करून हातानेच निघाल्या. मागे कमानीचा कोनाडा होता. माडम, मिस्त्री म्हणाला. त्याच्या कमानीला आतून अजून काजळी होती, दिव्याच्या ज्योतीच्या आकाराची, टोक वर निमुळतं होत गेलेली. बोट लावलं तर बोट काळं झालं. कोण बाई रोज संध्याकाळी इथे दिवा ठेवायची, कुणी आणि का तो बुजवला, घरमालकालाही सांगता येईना. विट्याच्या आमच्या जुन्या घरात असे सात कोनाडे होते. ते घर पाडून मेव्हण्यानेच तिथे आरसीसीचा बंगला बांधला. त्यात एकही नाही. कोनाडा बघताना तो जरा गप्प होता, ही त्याची प्रामाणिक बाजू.

इकडे तात्यांनी भोकातून पडलेली सगळी धूळ घमेल्यात भरून ठेवली होती. त्यांच्या आधी या खोलीत एक सोनार राहायचा म्हणे. आमच्या धंद्यात केराला केर म्हणत नाहीत. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, पायपुसणं, भट्टीची काजळी, सगळं पैसे मोजून घेतात, कारण धुतलं की त्यात सोनं निघतं. तात्या दोन दिवस चौकात बसून भिंत धूत होते. मेव्हणाही शेजारी उकिडवा बसला, भागीदारी ठरली का ते मी विचारलं नाही. शेवटी घमेल्याच्या तळाशी जे चमकलं ते तात्यांनी चिमट्याने उचललं, भिंगाखाली धरलं. शिंपल्याचा कपचा होता, नखाएवढा, न भाजता राहिलेला, आतून अजून मोत्यासारखा. तात्यांनी तो कागदात बांधून तिजोरीत ठेवलाय. वजन करून चिठ्ठीही लावलीय.

कोनाड्यात अंक मावले बावीस. उरलेल्यांसाठी लोखंडी मांडणी आणली, पाच कप्प्यांची. मिस्त्रीने ती भिंतीपासून चार बोटं दूर ठेवायला लावली, भिंतीला वारा लागावा म्हणून, आणि खालच्या ओलीसाठी पायांखाली विटा दिल्या. विटा बाहेरून आणाव्या लागल्या नाहीत. कोनाड्यातून निघालेल्याच होत्या. आता आमची मराठी वाङ्मयाची परंपरा विठ्ठलासारखी विटेवर उभी आहे आणि तांदूळ काढताना कुठलंही साल उतरवावं लागत नाही. मांजींच्या दादाजींनाही मिस्त्रीने जागा करून दिली: भिंतीवर नाही, आमच्यासारखाच त्यांच्याकडेही एक बुजलेला कोनाडा निघाला.

मेव्हणा जाताना गाडीच्या गडबडीत ड्रिल विसरून गेला. विसरला असं तो म्हणतो. कुरिअरवाला वजन ऐकून नको म्हणतो आणि बायको त्याला घरात ठेवून घ्यायला तयार नाही. सध्या ते तांदळाच्या पिंपावर आहे. चेन्नईहून विट्याकडे कुणी जाणारं असेल तर कृपया कळवावं. भाड्याशिवाय वाटेतला डबा आमच्याकडून.